भिजवलेला कोट

आमच्या दादांच्या बँडात माणसं चार. मोठा ढोल दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. क्लॅरनेट चाचांचं, ते टेंभुर्णीच्या बाजारात बांगड्या विकायचे. बिगूल वाजवायचे ते काका धनगराचे; दिवसभर मेंढरांमागं आणि लग्नसराईत नवरदेवापुढं. ताशा मामांचा, आणि मामा शिंपी. चौघं एका गावचे, एका वयाचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले आणि एकाच आंब्यावरून पडलेले. आधी कोण पडलं, यावर मात्र त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, आम्ही औरंगाबादचे. पण बँडाला जिल्ह्याशी काय करायचंय? भोकरदनपासून तिकडं चिखलीपर्यंत लोक लग्नाची तिथी ठरवायच्या आधी चाचांच्या दुकानावर येऊन विचारायचे, "चौघं मोकळे हायेत का त्या दिवशी?" मोकळे नसले तर लग्न पुढं ढकललेली माणसं मी पाहिलीत.

चौघांना चार कोट होते. लालभडक. मामांनी जालन्याहून एकच ठाण आणून त्यातनं चारही बेतले, खांद्याला सोनेरी फीत लावली, पितळी बटणं लावली. कापड हलकं होतं हे त्यांना ठाऊक होतं. कोट हातात देतानाच त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "पाणी लावायचं न्हाई. ऊन दाखवायचं, झटकायचं, बास." त्यामुळे त्या कोटांनी कधी पाणी पाहिलं नाही. उन्हाळ्यात चौघं वाजवायला लागले की वऱ्हाडी मंडळी वारा बघून उभी राहायची.

आणि दोन नियम. एक, बसायला खुर्ची मिळाली तरच वाजवायचं. दुसरा, चौघं असतील तरच वाजवायचं. एकदा काकांची म्हातारी आजारी पडली म्हणून तिघांनीच एक लग्न वाजवून पाहिलं. वऱ्हाडाला काही फरक कळला नाही, सगळे नाचले. पण परत येताना गाडीत तिघं एकमेकांशी बोलेनात. पुढं चाचांना टायफॉइड झाला तेव्हा एका मोठ्या घरचं लग्न त्यांनी सरळ नाकारलं. घरमालक म्हणाला, "दुसरा एखादा क्लॅरनेटवाला घ्या की." दादा म्हणाले, "मंग दुसरे तिघंबी घ्या."

आता माझ्याविषयी. मी सातवी पास होते. हे वाक्य तेव्हा मी दिवसातनं किती वेळा उच्चारायचे ते विचारू नका. दोन वेण्या, त्यांना रिबिनी, तोंडाला भिंतीला चुना लावावा तशी पावडर, आणि बोलणं असं पुस्तकी की मायसुद्धा म्हणायची, "हिला जरा मराठीत बोलाया सांगा." टेंभुर्णीच्या शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगून ठेवलं होतं की आमचे वडील 'कार्यक्रम करतात'. कसले, ते सांगायचं टाळायचे. एकदा बाजारातनं वरात चालली होती आणि माझ्या मैत्रिणी ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या. दादांनी मला पाहिलं, ढोल वाजवता वाजवता भुवई उडवली. आणि मी, महामाया, मान वळवून दुकानातल्या खराट्यांकडं बघत राहिले. एवढं निरखून खराटे आजवर कुणी पाहिले नसतील.

मला लाज वाटायची. आणि त्या लाजेला मी चांगलं कापड चढवलं होतं. आमच्या वस्तीत सभा व्हायच्या. धर्मांतर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. म्हातारी माणसं सांगायची की गावकीची वाजवायची कामं आपण टाकली, पुन्हा गळ्यात वाद्य अडकवायचं नाही. ते त्यांचं खरंच होतं. त्यांनी भोगलं होतं. मी काय भोगलं होतं? काही नाही. पण मी ते वाक्य उचललं आणि एका दुपारी दादांच्या तोंडावर मारलं.

दादा ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. म्हणाले, "पोरी, ते हुकमानं व्हतं. हे हौसेनं हाय. तवा दाराभाईर उभं करायचे, आता खुर्ची देतेत. न्हाई दिली तर आमी माघारी येतो. अजून काही?"

मी पाय आपटत घरात गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. लग्नं थांबली, वाजवणं थांबलं. चौघं खडी केंद्रावर दगड फोडायला जाऊ लागले. पण बँडाची बैलगाडी रिकामी होती, काकांचा एक बैल आणि दादांचा एक बैल कसेबसे तग धरून होते. चौघांनी गाडीवर लोखंडी टिपाड बांधलं. उजाडायच्या आत नदीच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झऱ्यावर जायचं, वाटी-वाटीनं टिपाड भरायचं, गावात आणून वाटायचं, आणि मग खडीवर जायचं. गाडी वेशीत आली की दादा ढोलावर ठोके टाकायचे. ठोके ऐकले की बाया हंडे घेऊन पळायच्या. काल शेवटची राहिलेली गल्ली आज पहिली, असा त्यांचा कायदा. कुणाची गल्ली, कुणाची जात, काही नाही. काल शेवटी होतात ना, मग या पुढं. यावरून सुरुवातीला भांडणं झाली. चाचा गाडीवर उभे राहून ओरडायचे, "अरे भांडो मत, पानी सुनके डर जाता!" आणि लोक हसायचे, हसता हसता रांगेत उभे राहायचे.

सगळं गाव त्या ठोक्यांची वाट बघायचं. आणि मी? मी दारामागं उभी राहायचे. आपल्या बापाचा ढोल ऐकून हंडा घेऊन पळायचं, शोभतं का सातवी पासला? माझ्या वाटचं पाणी माय आणायची. ते मी प्यायचे, त्याला काही लाज आडवी येत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा मास्तर होता, देऊळगावच्या बाजूला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मास्तरीण! बघायला आले तेव्हा मी असा चहा दिला की जणू कप मीच शोधून काढलाय. सगळं जमलं. आता देण्याघेण्याचं बोलणं निघणार म्हणून माय दाराआड श्वास धरून उभी. माझे होणारे सासरे म्हणाले, "आमाला मानपान काही नको. दुष्काळ हाय, आमाला कळतं. फक्त बँड तुमचा पाह्यजे. मी जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलाय."

दादा हसले. "माझ्याच पोरीच्या लग्नात मी न्हाई वाजवणार तर कवा वाजवणार?"

मी आत गोठले. नवरीचा बाप लाल कोट घालून, गळ्यात ढोल घेऊन, जावयाला आणायला वेशीवर जाणार. सगळ्या वऱ्हाडापुढं, मास्तरांच्या मास्तर मित्रांपुढं. मी पाहुणे जाताच तोंड फिरवलं. त्या दिवशीपासून घरात एकच विषय.

"दादा, तुम्ही मांडवात बसा. पांढरं धोतर, पांढरा फेटा. बापासारखं."

"मंग वाजवणार कोण?"

"ते तिघं."

"तिघं वाजवत न्हाईत. तुला म्हाईत हाय."

"एक दिवस नियम मोडला तर काय आभाळ पडतंय?"

"आभाळ पडलं तर बरंच व्हईल," दादा म्हणाले, "पाऊस तरी येईल."

माय म्हणाली, "नको लागू तिच्या नादी." मामा कोटाचं एक बटण पक्कं करायला आले होते, ते म्हणाले, "हिला एक कोट शिवू का? हिचीबी जीभ ताशावानीच चालून राह्यली." सगळे हसले. मी हसले नाही. मी ठरवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी चौघांनी पाणी आणलं. ते पाणी नुसतं चौघांचं नव्हतं. लग्नघर म्हणून त्या दिवशी गावानं नवीच रीत काढली होती; हरएक गल्लीनं आपल्या वाट्यातला हंडा आमच्या अंगणात आणून ओतला. मोठा रांजण, घरातली सगळी भांडी भरली. एवढं पाणी एका ठिकाणी मी त्या उन्हाळ्यात पाहिलं नव्हतं. मांडवाला पाला कुठला असणार. मामांनी गोणपाटं शिवून मांडव घातला होता, तो ताणायला चौघं बाहेर गेले. माय चुलीपाशी. दादांचा कोट खुंटीवर.

मी दोन हंडे पाणी घंगाळात ओतलं आणि कोट त्यात दाबला.

माझा हिशेब सरळ होता. ओला कोट कोण घालणार? आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, वास येत होता, धुतला. स्वच्छता! शाळेत शिकवली होती.

पण मामांनी बजावलेलं मी विसरले होते. कोट पाण्यात गेला आणि पाणी लाल झालं. थोडंथोडकं नाही. वर काढला तर अजून लाल, पिळला तर अजून. मी घाबरून पुन्हा पुन्हा पिळत बसले, जसं काही पिळून पिळून रंग परत आत जाणार होता. दोन हंडे पाणी गेलं ते गेलं. मला वाटलं, निदान शेळीला तरी पाजावं. घंगाळ ओढत तिच्यापुढं नेलं. तिनं हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती दोन दिवसांची तहानलेली शेळी. तोवर माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता, आणि सुरुवात तिच्यापासून झाली.

तेवढ्यात शेजारची मावशी आली, कमरेवर हंडा. तिच्या गल्लीतलं पाणी आणायचं राहिलं होतं, ते ओतायला आली होती. तिनं घंगाळ बघितलं, माझे कोपरापर्यंत लाल हात बघितले. हंडा रांजणात ओतला, शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटा धरला, आणि गेली. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी आजही तिला दुवा दिला असता.

माय आली. "काय करून बसलीस माय हे?" एवढंच.

कोट अंगणातल्या वळणीच्या दोरीवर वाळत टाकला. मला बायांनी न्हाऊ घातलं म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलं, आणि पांढरं पातळ नेसवलं. मी मान खाली घालून बसले. नवरी लाजतीय असं पाहुण्याबायांना वाटलं असणार. ठीक आहे, लाजतच होते.

उन्हं चढली तशा वऱ्हाडाच्या गाड्या वेशीत येऊन थांबल्या. अंगणात चाचा, काका, मामा लाल कोट घालून तयार. दादा पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या फेट्यात, मी सांगितलं होतं अगदी तसे. वळणीकडं बघत उभे. कोटातनं अजून थेंब गळत होते आणि खालची धूळ ते पीत होती.

दादा म्हणाले, "जा तुमी तिघं. पाव्हणे उन्हात हायेत."

चाचांनी क्लॅरनेट काखेत मारलं. "तीन जनां? बिलकुल नहीं."

"आज माझ्यासाठी."

"तेरे वास्तेच नहीं," चाचा म्हणाले आणि कोटाची बटणं काढायला लागले. काकांनी बिगूल खाली ठेवला. मामांनी ताशा गळ्यातून काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "रंग पक्का नव्हता बाई. चूक माझीच. कापड घेताना मीच हलकं घेतलं." त्यांनी टोमणा मारला नाही, हे सगळ्यात वाईट.

वेशीवरनं नवरदेवाचा चुलता धापा टाकत आला. "अहो, बँड कुठाय? आमचे नवरदेव गाडीखाली उतरंना गेलेत. म्हणून राह्यलेत, सासऱ्याचा ढोल ऐकल्याबिगर पाय जमिनीला लावणार न्हाई. आमी कोरड्या नदीतून एवढ्या लांबून आलो ते काय गोणपाटं पाह्याला?"

मायनं पदर तोंडाला लावला. दादा हात मागं बांधून उभे. ते काही सांगू शकत नव्हते. काय सांगणार, पोरीला माझी लाज वाटती? त्यांचा ढोल मांडवाच्या खांबाला टेकून ठेवला होता. मी त्या ढोलाकडं बघितलं आणि मला एकदम कळलं की तो आज वाजला नाही तर पुढंही कधी वाजणार नाही. चौघं पुन्हा कुणाच्या लग्नात उभे राहणार नाहीत. सकाळी पाण्याची गाडी वेशीत येईल, पण ठोका पडणार नाही. हे मी केलं. दोन हंड्यात.

मी उठले. नवरीनं उठायचं नसतं. बाया "अगं, अगं" करत राहिल्या. वळणीवरचा कोट ओढला, जमेल तेवढा पिळला आणि दादांपुढं धरला.

"घाला."

"ओला हाय."

"ओलाच घाला."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला लाज वाटती ना?"

"वाटती," मी म्हणाले. "आता तुमची न्हाई."

चाचा मागून म्हणाले, "अगे बेटी, जल्दी कर, दामाद सूख जाएगा."

दादा हसले. मग बाकीचे. ओल्या बाहीत हात शिरेना, म्हणून दादांनी दुसऱ्या हाताचा आधार माझ्या खांद्यावर घेतला. त्या हाताला वळणीवरचा कोट चाचपून लाल रंग लागलेला होता. मी खाली बसून एकेक पितळी बटण लावत गेले. एक बटण चुकीच्या काजात घातलं, तशी काकांनी बिगुलातून एक बारीक सूर काढून मला चिडवलं.

चौघं निघाले. मी घरातच राहिले, नवरी वेशीवर कशी जाणार. पण पहिला ठोका पडला आणि बायांच्या अंगात सवयीनं असं काही आलं की दोघीतिघी हंडे शोधायला लागल्या. मग आपल्याच चुकीवर एकमेकींना चिमटे काढत हसल्या. मावशीसुद्धा हसली, माझ्याकडं न बघता.

दादा मांडवात आले तेव्हा धोतरावर गुडघ्यापर्यंत लाल ओघळ. बाप आहे की होळी खेळून आलेला पाहुणा, कळायला मार्ग नाही. तसेच माझ्याशेजारी बसले, तसेच वंदनेला हात जोडले. उन्हानं कोट वाळत आला होता आणि वाळता वाळता त्याचा रंग उतरत होता. फुलं पडली तोवर दादा पूर्ण गुलाबी. माझे मालक आयुष्यभर सांगायचे, "मी लग्नात नवरीकडं बघितलंच न्हाई. सासऱ्याकडं बघत बसलो, कवा थांबतं हे म्हणून."

आणि माझ्या पांढऱ्या पातळावर, डाव्या खांद्यावर, चार बोटं उमटली होती. सासरी गेल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. काय सांगणार? खोटं बोलायला गेले, पण मालकांनी माझ्याआधीच सगळी कथा सांगून टाकली, शेळीसकट. शेळीचं त्यांना कुणी सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही.

मला वाटलं, झालं तेवढं झालं, दादा नवा कोट शिवतील. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, लग्नं सुरू झाली. तीन लाल आणि एक गुलाबी, असं कसं दिसणार? मी माहेरी गेले तेव्हा मामांना म्हणाले, "दादांना एक नवा शिवा ना. मी कापड आणते, चांगलं, पक्क्या रंगाचं."

मामांनी मशीनचं चाक थांबवलं. "उशीर झाला बाई."

"का?"

"ओढ्याला पाणी आल्तं ना. आमी तिघांनी आमचेबी भिजवले."

तिघांनी ओढ्यात उभं राहून आपापले चांगले लालभडक कोट दादांच्या रंगाला येईपर्यंत बडवले होते. चाचांचा जास्त फिका झाला म्हणून त्यांना बाकीचे दोघं ओरडलेसुद्धा. दादांना आधी सांगितलं नव्हतं. चौघं पहिल्यांदा गुलाबी होऊन उभे राहिले तेव्हा दादा म्हणे बराच वेळ दोऱ्याच ताणत बसले, वर मान करेनात.

तेव्हापासून बँडाचं नावच पडलं, गुलाबी कोटवाले. आधी चौघांना लोक वाजवण्यावरनं ओळखायचे, आता रंगानं ओळखू लागले. मागणी वाढली. लोक विचारायचे, हा रंग कुठून आणला? आणि चौघंही, एकदाही न चुकता, खरं सांगायचे. त्यामुळे मी जिथं जाईन तिथं माझ्याआधी माझी गोष्ट पोचलेली असायची. मास्तरीणबाई म्हणून तोऱ्यात एखाद्या लग्नाला जावं, तर कुणी बाई पदराआडून विचारणारच, "ती तुमीच का, कोटवाली?"

मीच.

थोरल्याचं नाव ठेवायचं होतं तेव्हा चौघं आमच्या दारी वाजवायला आले. सासऱ्यांनी चार खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर गेले. दादांनी घेतला, काकांनी घेतला, मामांनी घेतला. चाचांनी तांब्याकडं पाहिलं आणि कोटाची दोन्ही टोकं घट्ट पोटाशी धरून खुर्चीत मागं सरकले.

"पीना है ना बेटी, के धोना है?"

सगळी गल्ली हसली. दादा सगळ्यात जास्त.